रामटेक्यांची पाँटियाक

माझ्या नवऱ्याने, रवीने, गाडी घेतली ती मला न विचारता, आणि वर बाबांसाठी घेतली असं सांगितलं. बाबा म्हणजे माझे सासरे, राजाराम रामटेके, वय सत्तर, राहणार इंदोरा, नागपूर. जानेवारीपासून ते आणि सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे टेक्सासमध्ये, अर्विंगला आले होते. गाडी म्हणजे १९६९ची पाँटियाक जीटीओ. वॅक्सहॅची गावाच्या पुढे कुठल्या तरी म्हाताऱ्याच्या शेडमध्ये ती वीस वर्षं उभी होती. ट्रेलरवरून आमच्या ड्राइव्हवेवर उतरवली तेव्हा तिच्यातून आधी उंदराचं घरटं पडलं, मग एक आरसा पडला. ट्रेलरवाल्याने दोन्ही उचलून रवीच्या हातात दिलं आणि तो हसत निघून गेला.

"मसल कार आहे," रवी म्हणाला.

मला मसल कुठे दिसेना. हाडंच दिसत होती. हिरवा रंग कुठे कुठे शिल्लक होता, बाकी सगळा गंज.

रवी डेटाबेस सांभाळतो. घरातला बल्ब बदलायचा तरी तो आधी व्हिडिओ बघतो. पण त्याचं म्हणणं होतं की बाबा पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांना इथे करमत नाहीये, आणि आपण सगळे मिळून ही गाडी उभी करू. करमत नव्हतं हे खरं. बाबा रोज सकाळी वस्तीत दोन चकरा मारायचे, भेटेल त्या कुत्र्याला गुड मॉर्निंग म्हणायचे, कारण माणसांना म्हणायला लाजायचे, आणि परत येऊन सोफ्यावर बसायचे ते थेट जेवायला उठायचे.

वर्कशॉपची गोष्ट मी लग्नाच्या आधीपासून ऐकत आले आहे. बाबा संध्याकाळी घरी यायचे ते काळे हात घेऊन, शर्टाला ग्रीस लागलेलं असायचं, आणि छोटा रवी दारात उभा राहून ते हात हुंगायचा. आमच्या पहिल्या भेटीत, पुण्यात, कॉफी पिता पिता त्याने हे मला सांगितलं होतं. मला वाटलं, हात हुंगणारा मुलगा आहे, जरा जपून. पण नंतर आवडला.

बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर दोनदा टकटक केलं.

"आठ सिलिंडर?"

"हो बाबा. व्ही-एट."

"बसला सहा असतात," ते म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारपासून काम सुरू झालं. बाबा झाडाखाली फोल्डिंगच्या खुर्चीत बसायचे आणि सांगायचे. आधी खोला. खोलल्याशिवाय कळत नाही. मग रवी आणि आमची उर्वी पाने घेऊन खोलायचे. उर्वी सतरा वर्षांची, तिला ड्रायव्हिंग लायसन्स नुकतंच मिळालं होतं, आणि चालेल ती गाडी आपली, असा तिचा साधा हिशोब होता. कार्बोरेटर निघाला, रेडिएटर निघाला, स्टार्टर, अल्टरनेटर, सीट, दरवाजांच्या कड्या, सगळं निघालं. प्रत्येक वस्तूचं नाव बाबांना तोंडपाठ होतं. नुसतं नाव नाही, तिच्याखाली कुठलं गॅस्केट येतं आणि त्याला किती बोल्ट लागतात तेही. निघालेली वस्तू ते पुसायचे, झिपलॉकच्या पिशवीत घालायचे आणि पिशवीला चिठ्ठी लावायचे: नंबर, नाव, नग, कुठून काढलं. अक्षर छापल्यासारखं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सोळा वर्षं काम करते आहे, आमच्याकडे रक्ताच्या नळ्यांवरसुद्धा इतकी नीट लेबलं नसतात.

एप्रिल आला तरी आम्ही खोलतच होतो. एक शनिवार असा आला की खोलायला काही उरलं नाही.

"आजोबा, व्हेन डू वी पुट इट बॅक?" उर्वीने विचारलं.

"घाई करायची नाही," बाबा म्हणाले. त्या शनिवारी त्यांचं बीपी वाढलं होतं. पुढच्या शनिवारी गुडघा धरला होता.

या सगळ्यात आई, म्हणजे माझ्या सासूबाई रत्नाबाई, चहा आणायच्या. ट्रे हातात धरून त्या उघड्या बॉनेटपाशी उभ्या राहायच्या, चहा द्यायला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ. एकदा बाकावर पडलेला स्टार्टर त्यांनी उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "ही मोटर जळालेली आहे."

"आई, साखर जास्त झालीय आज," रवी म्हणाला.

मग वस्तीच्या असोसिएशनचं पत्र आलं. आमच्याकडे घरमालकांची एक कमिटी आहे. गवत किती उंच असावं, कचऱ्याचा डबा किती वाजता आत जावा, असल्या गोष्टींवर ती लक्ष ठेवते. पत्रात लिहिलं होतं की तुमच्या ड्राइव्हवेवर बंद वाहन उभं आहे. एका महिन्यात त्याला चालू नंबरप्लेट हवी, विमा हवा, आणि ते स्वतःच्या इंजिनवर हललं पाहिजे, नाहीतर ओढून नेण्यात येईल. गॅरेजमध्ये ठेवता आली असती, पण गॅरेजमध्ये तीनशे चौदा पिशव्या होत्या.

रवीने नंबरप्लेट आणि विम्याचे फॉर्म त्याच दिवशी भरून टाकले. फॉर्म त्याला येतात. इंजिनचं तो म्हणाला, "बाबा आहेत ना."

त्याच रविवारी आमच्या मंडळाचा आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम होता. हॉलमध्ये वंदना, भाषणं, मुलांचं एक नाटुकलं, ज्यात संविधान झालेल्या मुलीचा पुठ्ठा सुटला आणि तिने तो पाठीमागून धरून भाषण पूर्ण केलं. कार्यक्रमानंतर चार-पाच कुटुंबं आमच्याकडे जेवायला आली. त्यात सुशांत मेंढे नावाचा एक नवीन मुलगा होता, नुकताच ह्यूस्टनहून बदली होऊन आलेला, तोही नागपूरचा. रवी पाहुण्यांना गाडी दाखवत होता. "पस्तीस वर्षं एसटीचं वर्कशॉप," त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं. "अजून हात लावला की इंजिन बोलतं."

सुशांतने बाबांकडे निरखून पाहिलं.

"जय भीम काका. तुम्ही स्टोअर्सवाले रामटेकेकाका ना? मी मेंढे फिटरचा मुलगा. पप्पा अजून तुमचं नाव काढतात. म्हणतात, स्लिप असल्याशिवाय रामटेकेने कोणाला वॉशर नाही दिला. एकदा मोठे साहेब आले होते तरी नाही दिला म्हणे."

तो अगदी कौतुकाने बोलत होता बिचारा. बाबा म्हणाले, "तब्येत कशी आहे मेंढेंची?" आणि सगळे बिर्याणीकडे वळले. रवी वळला नाही.

पाहुणे गेले, मी भांडी लावत होते, तेव्हा रवी स्वयंपाकघरात आला. बाबा टेबलाशी बसले होते, आई काकड्या उरल्या त्या डब्यात भरत होत्या.

"बाबा, तुम्ही मेकॅनिक नव्हता?"

"स्टोअरकीपर होतो. शेवटची नऊ वर्षं सीनिअर."

"एकदाही इंजिन नाही उघडलं?"

"मला काय गरज. उघडणारे होते."

"मग हात?" रवीचा आवाज चढला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पण त्या घडीला तो सात वर्षांचा दिसत होता. "हात काळे असायचे तुमचे. शर्टावर ग्रीस असायचं. मी बघितलंय."

बाबांनी टेबलावरचा मिठाचा डबा उगाच सरळ केला.

"तू दारात उभा राहायचास," ते म्हणाले. "शाळेत काय सांगून आला होतास कोण जाणे, माझा बाप बस दुरुस्त करतो म्हणून. रोज हात बघायचास. एक दिवस हात स्वच्छ होते तर विचारलंस, आज एक पण बस नाही झाली? तोंड एवढंसं झालं होतं तुझं. मग मी निघताना ग्रीसच्या पिंपात बोटं बुडवायला लागलो. शर्टाला पण थोडं पुसायचो."

"किती दिवस?"

"नववीत गेलास तोवर. नंतर तू बघणं सोडलंस."

"आणि ते शर्ट मी धुतले," आई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "रॉकेलने."

"तुला माहीत होतं?"

"खिशात पेन घेऊन जात होते हे. कोणता फिटर खिशात पेन ठेवते?"

मला हसू आलं. रवीला नाही आलं. तो म्हणाला, गाडी देऊन टाकू कोणाला तरी, आणि वर निघून गेला.

पुढचे दोन दिवस घरात फार वाईट गेले. रवी ऑफिसला जाताना पाँटियाककडे न बघता जायचा, जे सोपं नव्हतं, कारण त्याची गाडी तिच्या मागेच लावलेली असायची. बाबा दोनऐवजी चार चकरा मारू लागले. उन्हात कुत्रेही संपले तरी फिरत राहायचे. शेवटी मी रवीला म्हणाले, "तुझ्या सीव्हीत स्ट्रॅटेजिक लीडरशिप लिहिलंयस. मी कधी काही बोलले?"

"ते वेगळं आहे."

"हो. त्यांनी निदान हात तरी काळे केले."

बुधवारी मी चारला शिफ्ट संपवून आले तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं. आई एका पुठ्ठ्यावर मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात स्टार्टर उघडलेला, त्याच्या कॉइली बाहेर काढून वर्तमानपत्रावर मांडलेल्या. उर्वी शेजारी उकिडवी बसली होती आणि व्हिडिओ बघत नव्हती, आजीचे हात बघत होती.

"आजीने फक्त वास घेऊन सांगितलं, मॉम," ती म्हणाली. तिचं मराठी फार आनंद झाला किंवा फार राग आला की बाहेर येतं. "आणि खरंच आतून जळालंय. आजी मोटर भरायची. यू नो, वाइंडिंग. अकरा वर्षं."

मला हे माहीत नव्हतं. इंदोऱ्याला घराच्या मागे शेतीपंप दुरुस्त करायचं एक दुकान होतं, आईंनी सांगितलं. मालकाच्या बायकोकडून शिकल्या. जळालेली मोटर आली की जुनी तार काढायची, खाचांत कागद बसवायचा, नवीन तांब्याची तार वेढायची, वार्निश मारायचं. उन्हाळ्यात दिवसाला दोन-दोन मोटरी. त्या हे सांगत होत्या आणि उर्वीने नवीन तारेची ऑर्डर आधीच देऊन टाकली होती.

रवी आला तेव्हा उर्वी दारातच उभी होती. "डॅड. यू हॅड अ मेकॅनिक ऑल अलाँग. शी वॉज मेकिंग द चाय."

रवी पुठ्ठ्यापाशी उभा राहिला. "ते पंपाचं दुकान? तू जायचीस ते आठवतं मला. मला वाटायचं गप्पा मारायला जातेस."

"गप्पाही मारायचे," आई म्हणाल्या. "तो पाना दे. तो नाही, त्याच्या बाजूचा."

त्याने पाना दिला. बाबा बाहेर झाडाखाली आपल्या खुर्चीत बसून हे ऐकत होते. आत यावं की नाही ते त्यांना ठरवता येत नसावं. थोड्या वेळाने आईंनीच आवाज दिला, "अहो, ह्याच्या टोपणाचे दोन लांब बोल्ट कुठे ठेवले?"

बाबा उठून आत आले. पिशव्यांच्या रांगांकडे एकदा पाहिलं, मग आईंकडे.

"स्लिप?"

मग उर्वीने वहीचं पान फाडलं, लिहिलं, सही केली आणि त्यांच्या हातात दिलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं, पान तारेच्या आकड्याला टोचलं आणि बरोबर एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरची पिशवी काढली.

तिथून पुढचे तीन आठवडे आमचं गॅरेज एसटीचं वर्कशॉप झालं. आईंनी स्टार्टर भरला, अल्टरनेटर भरला, उंदरांनी खाल्लेली वायर हातभर हातभर तपासून बदलली. कार्बोरेटर माझ्याकडे आला. त्यातली भोकं केसाएवढी असतात आणि ती स्वच्छ करणं हे लॅबमधलं माझं रोजचंच काम, फक्त इथे रक्ताऐवजी वीस वर्षांचं वाळलेलं पेट्रोल होतं. उर्वीकडे ब्रेक, बेल्ट आणि जी म्हणून जड वस्तू असेल ती. बाबा स्टोअर्स. स्लिप नाही तर वस्तू नाही, आणि जुना भाग जमा केल्याशिवाय नवीन नाही. रवीची स्लिप तीन वेळा परत आली, दोनदा तारीख नव्हती म्हणून. रवीकडे टॉर्च धरायचं काम होतं. तो टॉर्च नेमाने स्वतःला जिथे बघायचं आहे तिथे धरायचा, पण अधूनमधून आईंना काहीतरी विचारायचा, हे कशाला, ते कसं, आणि त्या सांगायच्या. तीनशे चौदा पिशव्यांमधला एकही बोल्ट हरवला नाही. गाडीच्या माहितीपुस्तकात असलेल्यापेक्षा दोन जास्त निघाले. बाबा दोन दिवस त्यावरून अस्वस्थ होते.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा गाडीने एक प्रचंड ठो आवाज केला आणि कार्बोरेटरमधून जाळ बाहेर आला. उर्वीने स्पार्क प्लगच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी लावल्या होत्या. वाकून बघत असलेल्या बाबांची डावी भुवई गेली. त्यांना त्याचं फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी चकरा मारताना त्यांनी पहिल्यांदाच एका माणसाला गुड मॉर्निंग म्हटलं आणि भुवईकडे बोट दाखवून सांगितलं, "इंजिन."

तपासणीला असोसिएशनचे डेल नावाचे गृहस्थ आले, हातात पॅड, पायात गुडघ्यापर्यंत मोजे. आम्ही चौघं ड्राइव्हवेवर ओळीने उभे. उर्वी गाडीत बसली. किल्ली फिरवली. स्टार्टर एकदा कण्हला, दुसऱ्यांदा गरगरला, आणि मग ते इंजिन असं काही सुरू झालं की समोरच्या घरातल्या दोन गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. माझ्या छातीत तो आवाज बसला. आईंनी डोळे मिटून घेतले होते. प्रार्थना करत असतील असं डेलना वाटलं असेल. त्या आठ सिलिंडर ऐकत होत्या.

"एक चुकतंय," त्या म्हणाल्या. "पण चालेल."

उर्वीने गाडी मागे घेतली, पुढे घेतली आणि डेलच्या मोज्यांपासून वीतभर अंतरावर थांबवली. डेल हलले नाहीत. धाडसी माणूस. त्यांनी पॅडवर तीन खुणा केल्या, "थँक यू" म्हणाले आणि गेले. आठवड्याने दुसरं पत्र आलं, आवाजाबद्दल.

त्याच शनिवारी दुपारी आम्ही पाच जण गाडीतून बाहेर पडलो. पुढे उर्वी आणि आई, मागे बाबा, मी आणि रवी. एसी नव्हता, टेक्सासचा मे महिना होता, आणि जुन्या सीटचं रेक्झिन पाठीला चिकटत होतं. मॅकआर्थर बुलेवार्डवर एका सिग्नलला पिकअपमधल्या दोघांनी अंगठा वर करून दाद दिली. आईंनी खिडकीतून दोन्ही हात जोडले. पुढच्या सिग्नलला तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली.

उर्वीने गाडी एका इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये आणली. आईंनी खाली उतरून रेडिएटरपासून हातभर अंतरावर तळवा धरला. "अर्धा तास तरी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. बाबा दुकानात गेले आणि पाच मटका कुल्फ्या घेऊन आले. आम्ही दुकानाच्या भिंतीच्या सावलीत कट्ट्यावर बसलो. येणारे-जाणारे बॉनेट उघड्या गाडीकडे आणि मग आमच्याकडे बघत होते.

"एक मोटर भरायला किती वेढे लागायचे?" रवीने विचारलं.

"पंपावर असते. पाच हॉर्सपॉवरला एक हिशोब, तीनला दुसरा. एका कॉइलला चाळीस, पन्नास. अशा चोवीस कॉइली. दुकानात वेळ नाही पुरला तर घरी आणायचे मी."

"तार वेढायचं ते लाकडी चाक," रवी म्हणाला. "खाटेच्या पायाला बांधलेलं."

"हो."

"संध्याकाळी तू ते फिरवत बसायचीस." तो कुल्फीची काडी बोटांत फिरवत होता. "आणि मी काही सांगायला आलो की बोलायची नाहीस. बघायचीसुद्धा नाहीस माझ्याकडे. मला वाटायचं, तू रागावली आहेस माझ्यावर. कित्येक वर्षं वाटायचं. म्हणून मी बाबांची वाट बघत दारात जाऊन उभा राहायचो."

आई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मोजत होते रे," त्या म्हणाल्या. "बोललं की वेढा चुकते. मग सगळी तार सोडून पुन्हा पहिल्यापासून."

"मला काय माहीत."

"तुला कसं माहीत असणार. सांगायला तोंड उघडलं असतं तर आकडा गेला असता." त्यांनी पदराने ओठ पुसले. "काय सांगायला यायचास तू?"

"आता आठवतंय थोडंच."

"एखादं तरी आठव."

रवीने विचार केला. मग त्याने एक सांगितलं. वर्गातल्या कुणा मुलाने खडू खाल्ला होता आणि गुरुजींनी संशयावरून सगळ्या वर्गाला जीभ दाखवायला लावली होती, पांढरी जीभ रवीचीच निघाली होती, पण ती साबुदाण्याच्या खिचडीने. गोष्ट फार मोठी नव्हती. पण आई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली कुल्फी खाली पडली. मग त्यांनी दुसरी सांगायला लावली.

उर्वीने उठून रेडिएटरजवळ हात धरून पाहिला. "आजी, थंड झालंय. निघूया?"

"थांब जरा," आई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "हं, मग? पुढे काय झालं?"